सर्पगंधेची मुळी आणि पेशींचा संवाद

दिल्लीतील करोल बागेचे नाव घेतले, की अजमल खान रस्त्यावरील कापडाची दुकाने, सोन्याचांदीच्या पेढ्या आणि खरेदीसाठी लोटलेली गर्दी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभी राहते. ज्यांच्या नावाने हा रस्ता ओळखला जातो ते हकीम अजमल खान (१८६८–१९२७) युनानी वैद्यकातील नामांकित चिकित्सक होते आणि राष्ट्रीय चळवळीतील मोठे पुढारीही होते. १९२१ मध्ये अहमदाबादेस काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा निर्वाचित अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात असल्यामुळे अध्यक्षस्थान अजमल खान यांनीच सांभाळले. बाजाराच्या गजबजाटापासून थोड्याच अंतरावर त्यांनी उभारलेले आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालय आहे. त्याची कोनशिला १९१६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनी बसविली, आणि १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

याच महाविद्यालयाच्या संशोधन शाखेत १९३१ मध्ये एका वनस्पतीच्या मुळीपासून काही शुद्ध द्रव्ये वेगळी करण्यात आली. ती वनस्पती म्हणजे सर्पगंधा. त्या वेळी ही द्रव्ये शरीरात नेमके काय करतात हे सांगणे कोणालाच शक्य नव्हते. कारण शरीरातील पेशी एकमेकींशी कोणत्या रीतीने बोलतात, हेच शास्त्रज्ञांना पुरते उमगलेले नव्हते. पुढील तीन दशकांत ते उमगत गेले, आणि त्या उलगड्यात सर्पगंधेचा मोठा वाटा आहे. म्हणून चयापचय आणि पेशींचा संवाद हा विषय समजून घेण्यासाठी या मुळीचा मागोवा घेणे सोयीचे ठरते.

चय आणि अपचय

मानवी शरीरात सुमारे ३० लक्ष कोटी पेशी असतात, असा अंदाज आहे. यातील प्रत्येक जिवंत पेशीत अहोरात्र रासायनिक विक्रिया चालू असतात. काही विक्रियांत मोठे रेणू मोडून लहान रेणू होतात व ऊर्जा मोकळी होते. याला अपचय म्हणतात. इतर विक्रियांत लहान रेणू जोडून मोठे रेणू घडविले जातात व त्यासाठी ऊर्जा खर्ची पडते. याला चय किंवा उपचय म्हणतात. या दोन्ही व्यवहारांना मिळून चयापचय असे नाव आहे. घर बांधणे आणि सरपण जाळणे ही दोन्ही कामे एकाच अंगणात, एकाच वेळी आणि एकमेकांना अडथळा न आणता चालावीत, तसा हा प्रकार असतो.

अन्नातील पिष्टमय पदार्थांचे पचन होऊन ग्लुकोज ही साखर तयार होते, प्रथिनांपासून ॲमिनो अम्ले मिळतात आणि मेदापासून मेदाम्ले मिळतात. १ ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून किंवा प्रथिनापासून सुमारे ४ किलोकॅलरी, तर १ ग्रॅम मेदापासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. तथापि ही ऊर्जा पेशी थेट वापरू शकत नाही. ग्लुकोज प्रथम पेशीद्रवात अर्धवट मोडते, आणि उरलेले काम तंतुकणिका या सूक्ष्म अंगकांत ऑक्सिजनच्या साहाय्याने पूर्ण होते. निर्माण झालेली ऊर्जा ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट, म्हणजेच एटीपी, या रेणूत साठविली जाते. १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांनी, आणि अमेरिकेत सायरस फिस्के व आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हा रेणू स्वतंत्रपणे ओळखला. एटीपीला पेशीचे चलनी नाणे म्हणतात ते योग्यच आहे. शरीरात कोणत्याही क्षणी हे नाणे फार थोडे असते. परंतु ते सतत खर्च होऊन पुन्हा पाडले जाते. प्रौढ माणसाच्या शरीरात एका दिवसात होणारी ही उलाढाल जवळजवळ त्याच्या स्वतःच्या वजनाइतकी भरते.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. सरपण जाळायचे तर आग हवी. सांगली जिल्ह्यातून निघून दिल्लीसह देशभरच्या सराफ बाजारांत पोहोचलेले मराठी गलाई कारागीर सोने गाळतात तेव्हा भट्टीचे तापमान १०६४ अंश सेल्सियसच्या वर न्यावे लागते. त्याखाली सोने वितळत नाही. पेशी मात्र ३७ अंशांवर साखर जाळते. हे शक्य होते ते एंझाइमे या विशिष्ट प्रथिनांमुळे. प्रत्येक एंझाइम एखादीच विक्रिया सुलभ करते आणि स्वतः मात्र खर्च होत नाही. जी ऊर्जा एकदम मोकळी झाली असती तर पेशी भस्म झाली असती, तीच ऊर्जा अनेक पायऱ्यांनी, थोडी थोडी, हाती येईल अशा रीतीने सोडविली जाते. पायऱ्या अनेक असण्याचा आणखी एक लाभ आहे. कोणत्याही पायरीवर वाट मोकळी करता येते किंवा अडविता येते. चयापचयाचे नियंत्रण म्हणजे मुख्यतः हेच होय.

निरोपाची गरज

रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण उपाशीपोटी १०० मिलिलिटरमागे ७० ते १०० मिलिग्रॅम असते. प्रौढ माणसाच्या सुमारे ५ लिटर रक्तातील सारे ग्लुकोज एकत्र केले तरी ते चहाच्या एका चमच्याएवढे, म्हणजे ५ ग्रॅमच्या आसपास भरेल. विश्रांतीच्या स्थितीतही शरीराच्या एकूण ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो, आणि तो प्रामुख्याने ग्लुकोजवरच अवलंबून असतो. अशा स्थितीत चमचाभर साखरेच्या बळावर हा संसार चालतो कसा? उत्तर असे, की यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन साठविलेले असते आणि रक्तातील साखर उतरू लागताच त्यातून भर घातली जाते. जेवणानंतर याच्या उलट घडते. परंतु साखर उतरली किंवा वाढली, हे यकृताच्या पेशींना कोणी तरी कळवावे लागते.

हे कळविण्याचे काम संप्रेरके करतात. जेवणानंतर स्वादुपिंडातील विशिष्ट पेशी इन्शुलिन स्रवतात. इन्शुलिनचा निरोप मिळताच यकृत ग्लायकोजेन साठवू लागते आणि स्नायूंच्या व मेदाच्या पेशी ग्लुकोज आत घेऊ लागतात. उपवासात इन्शुलिन कमी होते, ग्लुकागॉन वाढते आणि कोठार उघडते. उपवास लांबला तर मेद वितळू लागतो व मेंदूही हळूहळू मेदापासून बनणाऱ्या कीटोन द्रव्यांवर काम चालवू लागतो. मात्र हे खऱ्या निराहार उपवासासंबंधी झाले. साबुदाण्याच्या खिचडीचा फराळ करून पाळलेल्या एकादशीची दखल स्वादुपिंड उपवास म्हणून घेत नाही. कारण साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थच आहे.

निरोप थांबला तर काय होते, हे मधुमेहात दिसते. इन्शुलिन नसेल, किंवा पेशी त्याला दाद देत नसतील, तर रक्तात साखर भरपूर असूनही पेशी उपाशी राहतात. धान्याची कोठी भरलेली आहे, पण किल्ली हरवली आहे, अशी ही अवस्था असते. फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी टोरांटो येथे इन्शुलिनवरील प्रयोग आरंभिले तेही १९२१ मध्येच. त्यापूर्वी ज्या मुलांना तीव्र मधुमेह होई त्यांचा मृत्यू जवळजवळ अटळ असे.

पेशीच्या दाराशी

निरोप पेशीत पोहोचतो कसा, याचे एक उदाहरण पाहू. पुसा रोड ओलांडणाऱ्या माणसाच्या कानाशी अचानक बसचा कर्कश भोंगा वाजतो. तो दचकून मागे सरतो. त्याची छाती धडधडू लागते, तोंडाला कोरड पडते आणि हातापायांत बळ आल्यासारखे वाटते. या अल्पशा अवधीत त्याच्या मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींनी ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक रक्तात सोडलेले असते आणि त्याच्या यकृताने साखरेचे कोठार उघडलेले असते.

ॲड्रेनॅलिनचा रेणू यकृताच्या पेशीत शिरत नाही. पेशीभोवतीच्या पटलावर काही प्रथिने बसविलेली असतात. त्यांना ग्राही म्हणतात. ठराविक कुलपाला ठराविक किल्ली लागावी त्याप्रमाणे ठराविक ग्राहीला ठराविक निरोप्या लागतो. ॲड्रेनॅलिन ग्राहीला चिकटले, की ग्राहीचा आकार किंचित बदलतो. हा बदल पटलाच्या आतील बाजूच्या जी-प्रथिनाला जाणवतो, आणि ते एका एंझाइमाला कामास लावते. ते एंझाइम एटीपीपासून चक्रीय एएमपी नावाचा लहानसा रेणू भराभर बनवू लागते. हा रेणू पेशीच्या आत निरोप पोहोचवितो, म्हणून त्यास दुसरा निरोप्या असे म्हणतात. तो आणखी काही एंझाइमांना जागे करतो व शेवटी ग्लायकोजेनची साखळी तुटून ग्लुकोज सुटू लागते.

अर्ल सदरलँड यांनी १९५० नंतरच्या दशकात हे कार्य उलगडले व त्यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जी-प्रथिनांसंबंधीच्या संशोधनासाठी आल्फ्रेड गिलमन व मार्टिन रॉडबेल यांना १९९४ मध्ये, तर या वर्गातील ग्राहींच्या अभ्यासासाठी रॉबर्ट लेफ्कोविट्झ व ब्रायन कोबिल्का यांना २०१२ मध्ये हाच सन्मान लाभला.

एवढ्या मध्यस्थांची आवश्यकता काय, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रत्येक पायरीवर एक रेणू पुढच्या अनेक रेणूंना कामास लावतो. त्यामुळे रक्तातील अत्यल्प ॲड्रेनॅलिन पुष्कळ साखर मोकळी करू शकते. शिवाय प्रत्येक पायरीवर निरोप थांबविण्याचीही व्यवस्था असते; चक्रीय एएमपी मोडणारे एंझाइम पेशीत सदैव हजर असते. निरोप देण्याइतकेच तो वेळीच पुसून टाकणेही महत्त्वाचे आहे. भोंगा थांबल्यावरही ज्याची छाती दिवसभर धडधडत राहील, त्याची प्रकृती फार काळ टिकणार नाही.

मज्जातंतूंची कोठारे

संप्रेरके रक्तावाटे दूरवर जातात. मज्जातंतू मात्र आपला निरोप अगदी शेजारच्या पेशीला देतात. मज्जातंतूतून जाणारा संदेश विद्युत् स्वरूपाचा असतो, हे पूर्वीच माहीत होते. परंतु तंतूच्या टोकाशी पोहोचल्यावर तो पुढील पेशीकडे कसा जातो, याविषयी वाद होता. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर केलेला प्रयोग १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका हृदयाचा मज्जातंतू उत्तेजित करून त्याची गती मंद केल्यावर त्याभोवतीचे द्रव त्यांनी दुसऱ्या हृदयावर घातले. तेव्हा तेही मंदावले. याचा अर्थ, मज्जातंतूच्या टोकातून एखादे रासायनिक द्रव्य बाहेर पडते. इन्शुलिन, लोवी यांचा प्रयोग आणि करोल बागेतील महाविद्यालयाचे उद्घाटन या तिन्ही गोष्टींसाठी १९२१ हेच वर्ष सांगावे लागते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

हृदय व रक्तवाहिन्या यांना चेतविणाऱ्या अनुकंपी मज्जातंतूंचा निरोप्या नॉरॲड्रेनॅलिन आहे, हे स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले. हे द्रव्य तंतूच्या टोकाशी असलेल्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवलेले असते. विद्युत् संदेश आला, की पिशव्या पटलाशी येऊन फुटतात व द्रव्य बाहेर पडते. रक्तवाहिनीच्या भित्तीतील स्नायुपेशी आकुंचन पावतात, वाहिनी अरुंद होते आणि रक्तदाब चढतो. काम झाल्यावर बरेचसे द्रव्य तंतू पुन्हा आत ओढून घेतो व पिशव्यांत भरतो. मेंदूतही अशीच व्यवस्था असून तेथे नॉरॲड्रेनॅलिनखेरीज डोपामिन, सेरोटोनिन इत्यादी निरोप्ये असतात. त्यांच्यावर माणसाची मनःस्थिती, झोप, हालचाल आणि उत्साह अवलंबून असतात.

तिब्बिया महाविद्यालयातील संशोधन

आता सर्पगंधेकडे वळू. ही हातभर उंचीची वनस्पती हिमालयाच्या पायथ्यापासून पश्चिम घाटापर्यंतच्या दमट रानांत उगवते. सापाच्या दंशावर, तापावर, निद्रानाशावर व उन्मादावर तिची मुळी देण्याची प्रथा फार जुनी आहे. बिहारमध्ये तर ‘पागल की दवा’ या नावानेच ती ओळखली जाई. सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य लेओनहार्ट राउवोल्फ यांच्या स्मरणार्थ वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिच्या प्रजातीला राउवोल्फिया हे नाव दिले.

अजमल खान यांची अशी धारणा होती, की देशी औषधींचे गुण केवळ ग्रंथप्रामाण्यावर न सोडता आधुनिक रसायनशास्त्राच्या कसोटीला लावले पाहिजेत. या कार्यासाठी सलीमुज्जमान सिद्दीकी (१८९७–१९९४) यांची निवड झाली. सिद्दीकी यांनी १९२७ मध्ये फ्रँकफुर्ट येथे रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळविली होती. दुर्दैवाने त्याच वर्षाच्या डिसेंबरात अजमल खान निवर्तले. परंतु काम थांबले नाही. १९२८ पासून १९४० पर्यंत सिद्दीकी यांनी तिब्बिया महाविद्यालयातील संशोधनाची धुरा वाहिली. १९३१ मध्ये त्यांनी रफत हुसेन सिद्दीकी यांच्या सहकार्याने सर्पगंधेच्या मुळीतील अल्कलॉइडे स्फटिकरूपात वेगळी केली. त्यांपैकी एकाला त्यांनी हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ अजमलिन हे नाव दिले.

त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेची मुळी उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयुक्त असल्याचे प्रसिद्ध केले. आता येथे एक कोडे निर्माण झाले. मुळीचे चूर्ण दिले असता रुग्ण शांत होई व रक्तदाब उतरे. परंतु अजमलिन आणि त्याच्या जोडीने मिळालेली शुद्ध द्रव्ये यांच्या गुणांवरून चूर्णाचा हा शामक परिणाम उलगडत नव्हता. वैद्यांचा अनुभव खोटा म्हणावा, तर रुग्ण समोर होते. रसायनज्ञांचे काम चुकले म्हणावे, तर स्फटिक समोर होते. खरे पाहता दोघेही बरोबर होते. ज्या द्रव्यामुळे शांतता येत होती ते मुळीतच होते. पण त्याचे प्रमाण अल्प असल्यामुळे व ते राळेसारख्या चिकट अंशात दडलेले असल्यामुळे अजून कोणाच्या हाती लागले नव्हते.

मुंबई ते बाझेल

ही मुळी जगाच्या नजरेस आणून देण्याचे श्रेय मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील (१९११–१९७४) यांच्याकडे जाते. त्यांनी वाढलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या काळी अतिरक्तदाबावर खात्रीचे औषध नव्हते. मीठ तोडणे, विश्रांती घेणे किंवा अनुकंपी मज्जातंतू कापण्याची अवघड शस्त्रक्रिया करणे एवढेच उपाय होते. वकील यांचा लेख वाचून बोस्टन येथील रॉबर्ट विल्किन्स यांनी अमेरिकेत ही मुळी वापरून पाहिली. या कार्याबद्दल वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पारितोषिक देण्यात आले.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्यूलर, श्लिट्लर व बाइन यांनी त्या राळयुक्त अंशातून अखेर एक नवे अल्कलॉइड वेगळे केले. त्याचे नाव रेसर्पिन. मुळीतील शामक गुणाचा मुख्य धनी हाच होता. १९५४ मध्ये नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयात त्याचा उपयोग केल्याचे प्रसिद्ध केले, आणि काही काळ रेसर्पिन जगभर वापरले गेले. १९६७ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून झालेल्या प्रसिद्ध चाचणीत, तीव्र अतिरक्तदाबावर औषधे दिल्याने प्राणघातक उपद्रव टळतात हे प्रथमच निर्विवादपणे सिद्ध झाले. त्या चाचणीतील तीन औषधांपैकी एक रेसर्पिन होते.

रिकामे कोठार

रेसर्पिन पेशीत काय करते? १९५५ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे बर्नार्ड ब्रोडी, पार्कहर्स्ट शोर व आल्फ्रेड प्लेचर यांना असे आढळले, की रेसर्पिन दिलेल्या प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनिन जवळजवळ नाहीसे होते. पाठोपाठ नॉरॲड्रेनॅलिन व डोपामिन यांचीही तीच गत होते, हे दिसून आले. पुढे यामागील कार्यपद्धती स्पष्ट झाली. मज्जातंतूच्या पिशव्यांच्या पटलात एक वाहक प्रथिन असते; तेच निरोप्यांचे रेणू ओढून पिशवीत भरते. रेसर्पिन या वाहकाला घट्ट चिकटून बसते. मग रेणू पिशवीबाहेरच राहतात व तेथील एंझाइम त्यांचा नाश करते. हळूहळू कोठार रिकामे होते. विद्युत् संदेश येतो, पिशव्या फुटतातही. पण त्यांत देण्यासारखे काही नसते. टपालवाला येतो, परंतु त्याची पिशवी मोकळी असते. रक्तवाहिनीला आकुंचनाचा निरोप मिळत नाही, ती सैल राहते आणि रक्तदाब उतरतो. हे बंधन इतके चिवट असते, की औषध थांबविल्यावरही नव्या पिशव्या तयार होईपर्यंत, म्हणजे काही दिवस ते काही आठवडे, त्याचा परिणाम टिकतो.

मात्र शरीराजवळ निरोपांचे शब्द मोजकेच आहेत, आणि तेच शब्द ते अनेक ठिकाणी वापरते. रक्तवाहिनीच्या भित्तीजवळचे कोठार आणि मेंदूतील कोठार यांत रेसर्पिनला भेद करता येत नाही. म्हणून रक्तदाब उतरत असतानाच नाक चोंदणे, सुस्ती येणे असे त्रास होऊ लागले. मोठ्या मात्रेत औषध घेणाऱ्या काही रुग्णांचे हातपाय कंपवाताच्या रोग्यासारखे ताठर झाले. काहींच्या मनावर खोल विषण्णतेचे सावट आले. आत्महत्येच्या घटनाही नोंदल्या गेल्या. ज्याचा रक्तदाब औषधाने आटोक्यात आला त्याच्याच जीविताची आशा त्याच औषधाने मावळावी, असा प्रसंग अनेक कुटुंबांवर आला. रेसर्पिन आणि विषण्णता यांचा संबंध प्रथम समजला गेला तितका सरळ नाही, आणि अल्प मात्रेत हा धोका बराच कमी असावा, असे पुढील परीक्षणांत दिसून आले. तरीही अधिक नेमकेपणाने कार्य करणारी औषधे उपलब्ध झाल्यावर रेसर्पिन मागे पडले.

या दुष्परिणामांतूनच एक मोठा शोध लागला. १९५७ मध्ये स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा हे द्रव्य टोचले. त्यापासून शरीरात डोपामिन बनते. जे ससे कान पाडून निपचित पडले होते ते थोड्याच वेळात हालचाल करू लागले. यावरून डोपामिन हा स्वतंत्र निरोप्या असून शरीराच्या हालचालींसाठी तो अत्यावश्यक आहे, हे स्पष्ट झाले. कंपवातात मेंदूतील डोपामिन बनविणाऱ्या पेशीच नष्ट होतात, हे कळल्यावर रुग्णांना एल-डोपा देण्यास आरंभ झाला, आणि ते आजही या रोगावरील प्रमुख औषध आहे. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. भारतीय रानातील एका मुळीने रिते केलेले कोठार पाहूनच, ते भरलेले असताना काय काम करते, हे विज्ञानाला समजले.

अजमलिनचे पुढे काय झाले

करोल बागेत प्रथम हाती आलेल्या अजमलिनचा उपयोग पुष्कळ उशिरा कळला. हृदयाच्या पेशींच्या पटलात सोडियमच्या विद्युत्भारित कणांना आत येऊ देणारे सूक्ष्म मार्ग असतात. हे मार्ग उघडले, की पेशीत विद्युत् लहर उठते व ठोका पडतो. अजमलिन हे मार्ग अंशतः अडविते. त्यामुळे हृदयाच्या काही प्रकारच्या अनियमित गतीवर युरोपात ते औषध म्हणून वापरले गेले. १९९२ मध्ये पेद्रो व जोझेप ब्रुगादा या बंधूंनी एका विकाराचे वर्णन केले. त्यात वरकरणी निरोगी असलेल्या, बहुधा तरुण, माणसाचे हृदय एकाएकी थांबते. अशा माणसाचा नेहमीचा हृदयालेख पुष्कळदा निर्दोष असतो. परंतु रुग्णालयात, सर्व सिद्धता ठेवून, शिरेवाटे अजमलिन दिले असता काही क्षणांत हृदयालेखावर विकाराची विशिष्ट खूण उमटते. घरातील एखाद्याचा असा अकस्मात मृत्यू झाल्यावर त्याच्या भावंडांची व मुलांची परीक्षा अनेक ठिकाणी याच चाचणीने केली जाते. ती करणाऱ्या परदेशी डॉक्टरांपैकी किती जणांना अजमल खान हे नाव माहीत असेल हे सांगता येत नाही. पण त्यांच्या तोंडी ते नाव नित्य येते.

सिद्दीकी १९४० नंतर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत गेले, निंबाच्या तेलातून त्यांनी निंबिन वेगळे केले आणि १९५१ मध्ये ते पाकिस्तानात गेले. १४ एप्रिल १९९४ रोजी कराची येथे त्यांचे निधन झाले. एका हकिमाचे नाव धारण करणारे, एका मुस्लिम रसायनज्ञाने शोधलेले, आयुर्वेद व युनानी या दोन्ही परंपरांना ठाऊक असलेल्या मुळीतील हे द्रव्य आज कोणत्याही एका देशाचे किंवा पंथाचे राहिलेले नाही.

सर्पगंधेवर मात्र या कीर्तीचे संकट ओढवले. मुळी काढायची म्हणजे सबंध झाडच उपटावे लागते. मागणी वाढताच रानेच्या राने रिकामी होऊ लागली. शेवटी तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने आली. १९९० पासून धोक्यातील प्रजातींसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचा समावेश आहे.

या साऱ्या विवेचनातून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली ही, की शरीराचे आरोग्य केवळ अन्नाच्या साठ्यावर अवलंबून नसते. तो साठा केव्हा उघडावा व केव्हा बंद करावा, याचे निरोप योग्य पेशीला योग्य वेळी मिळण्यावर ते अवलंबून असते. दुसरी ही, की औषध म्हणजे या संवादात केलेला हस्तक्षेप होय. तो रानातील मुळीने केला की प्रयोगशाळेतील गोळीने, याने फरक पडत नाही. वनस्पतीपासून आलेले ते निरुपद्रवीच, अशा समजुतीने सर्पगंधेची मुळी वैद्याच्या सल्ल्यावाचून घेणे घातक ठरू शकते. मुळीत बळ आहे हे वैद्यांनी अनुभवाने जाणले होते. ते बळ कोठे व कसे चालते हे रसायनज्ञांनी दाखविले. आणि त्याची किंमत काय द्यावी लागते, हे रुग्णांनी सोसून जगाला शिकविले. या तिघांपैकी एकालाही वगळून सर्पगंधेचा इतिहास लिहिता येणार नाही.